फुल्लाच्या हिरड्या

ट्युनिस, शुक्रवार

ओल्फा वहिनी,

तू स्फॅक्सला माहेरी पोचल्याचं स्कंदरदादाकडून कळलं.

त्या दिवशी बाबांची मांजर, फुल्ला, माझ्या टेबलावर आली, तेव्हा तिच्या हिरड्या निळसर तपकिरी पडल्या होत्या. जनावरांच्या तातडीच्या दवाखान्यात दहा वर्षं काढल्यावर विषबाधा ओळखायला मला वेळ लागत नाही. तुला फुल्लाचे केस सोफ्यावर खपत नसत, हेही मला ठाऊक होतं. सगळ्यांसमोर मी विचारलं, "काय घातलंस हिला?"

"वेड लागलंय का तुला?" एवढंच तू म्हणालीस. तू रडली नाहीस, म्हणून माझा संशय पक्का झाला.

मी ऑक्सिजन लावला, उतारा दिला, तरी फुल्ला माझ्या हातातच गेली. त्याच संध्याकाळी तू बॅग भरलीस.

तीन दिवसांनी बाबा कॉफी ढवळत म्हणाले, "दुर्रा, सकाळी तिचं अंग तापलं होतं गं. माझी डोकेदुखीची अर्धी गोळी दिली होती मी दुधातून. तरी वाचली नाही. काय घातलं असेल त्या बाईनं?"

मांजराचा जीव जायला ती अर्धी गोळी पुरते, वहिनी. हे बाबांना सांगायचं अगदी ओठांवर आलं होतं. पण बाबांनी तिची वाटी अजून धुवून ओट्यावर ठेवलेली होती. मी म्हणाले, "कळलं नाही, बाबा."

हे पत्र दोनदा पाकिटात घालून बाहेर काढलं. तू वाचून दादाला सांगशील आणि दादा बाबांना. तू गप्प राहशील, एवढा विश्वास मला अजूनही तुझ्यावर ठेवता येत नाही.

तुझी नणंद,
दुर्रा