आवाज कमी करण्याचं काम

बाबा, आज रविवार, मी काम करते ते सातिवलीचं युनिट बंद आहे आणि मी आगाशीच्या घरी मागच्या पडवीत बसून तुला लिहिते आहे. तुला लिहून सांगायची सवय मला नवीन नाही. तुझे कान गेल्यावर घरात एक पाटी आली होती, आठवतं ना? 'फी भरायची आहे', 'मामा येणार', 'पंपवाला उद्या म्हणाला' असं सगळं त्या पाटीवर व्हायचं. तू वाचायचास, मान हलवायचास आणि लगेच ओल्या बोटानं पुसून टाकायचास, आईनं लिहिलेलं भांडण असेल तर जरा जास्तच लगबगीनं. आज सांगायचं आहे ते पाटीवर मावणार नाही, म्हणून कागद घेतला. उद्या सकाळी मला साहेबांना एक उत्तर द्यायचं आहे आणि ते द्यायच्या आधी तुझ्याशी बोलल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

मी दहा वर्षांची असताना तुझा डबा विसरला म्हणून आईनं मला तुझ्या कारखान्यात पाठवलं होतं. डब्यांची झाकणं ठोकणारी ती पत्र्याची शेड, दहा-बारा प्रेस एकदम पडतायत, जमीन हलतेय. दारातच मी डबा खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी कान गच्च झाकले. तू पायानं पेडल मारत होतास, हातानं पत्रा सरकवत होतास. मला पाहून तू मशीन थांबवलंस, आणि मला वाटलं, आता डोक्यावरून हात फिरवेल. तू माझे हात कानांवरून खसकन ओढून काढलेस. "कान झाकू नको! मशीन आधी बोलते, मंग चावते. कान झाकला त्याचा हात गेला." मग त्या लाईनीतली माणसं तू मला एकेक करून दाखवलीस. कोणाची दोन बोटं नव्हती, कोणाचं अर्धं, एका काकांचा तर अंगठाच नव्हता. प्रेसचा क्लच झिजला की ते एकदाच पेडल मारलं तरी दोनदा पडतं, आणि दुसऱ्यांदा पडायच्या आधी आतून जो एक वेगळा खट्ट आवाज येतो, तो ऐकू आला तर हात मागे घ्यायला वेळ मिळतो. म्हणून तिथे कोणी कानात कापूस घालायचा नाही. रिटायर झालास तेव्हा तुझी दहाच्या दहा बोटं शाबूत होती आणि कान मात्र दोन्ही गेलेले. कोणी हळहळलं की तू हात पुढे करून दाखवायचास. "कान गेला तं मानूस जेवतो. बोटा गेली तं कोन भरवनार?"

तुला ऐकू येत नाही हे घरात पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं होतं. मी तुझ्या पाठीमागे उभी राहून तीनदा हाक मारली आणि तू शेंगा सोलत राहिलास. आईला सांगितलं तर ती म्हणाली, मुद्दाम करतात, बाजारात जायचं नसलं की असंच करतात. पुढे आमच्याकडे एक नियमच झाला: बाबाला लांबून उत्तर द्यायचं नाही. तू जेवायला बसलेला असलास तर तुझ्या पाटावर बोटानं दोनदा टकटक करायचं, बाहेर असलास तर उठून तुझ्या समोर जाऊन उभं राहायचं. जागेवरून 'आले' म्हणण्याला काही अर्थ नव्हता. आणि तू? स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यानं तू सगळंच ओरडून सांगायचास. पपई पिकली तरी ओरडायचास, तारेवर खंड्या बसला तरी ओरडायचास. शेजारच्या काकू एकदा धावत आल्या, म्हणाल्या, काय भांडण झालं गं? आई म्हणाली, "भांडन कसला, चा मागतायत." तुझ्या हाकेला धावून जायची सवय आम्हा सगळ्यांचीच मोडली. त्यात तुझा दोष नव्हता.

माझा डिप्लोमा झाला त्या दिवशी तू ट्रंकेतून एक खोका काढून दिलास. त्यात कानांवर घालायचे मोठे इअरमफ होते, प्लास्टिकची पिशवीसुद्धा न फोडलेली. कारखान्यात कधीतरी तपासणी होणार होती म्हणून ते सगळ्यांना दिले होते आणि तुम्ही कोणी घातले नव्हते. "आता तू घाल. तुझा काम टेबलावरचा, तुला बोटांची भीती नाय," म्हणालास. मी जनरेटरचे सायलेन्सर बनवणाऱ्या युनिटमध्ये लागले तेव्हा तुला फार हसू आलं होतं. बापाचे कान मशीननं खाल्ले आणि पोर मशीनचं तोंड बांधायला निघाली, असं तू गावभर सांगितलंस. सायलेन्सर करतो काय, ते मी तुला पाटीवर कुकरचं चित्र काढून समजावलं होतं. कुकरची शिट्टी एकदम उचलली की वाफ किंचाळत सुटते. तीच वाफ आधी एका खोलीत, मग दुसऱ्या खोलीत पसरू दिली, थंड होऊ दिली, तर दाराबाहेर येईपर्यंत तिचा जोर जातो. वाफ तेवढीच असते, फक्त ती ओरडत नाही. तू बराच वेळ चित्र पाहिलंस आणि विचारलंस, "मंग भात झाला हे बाईला कसा कलनार?" मी तेव्हा हसले होते.

आता खरं काय ते सांगते. दीड वर्षापूर्वी आमच्या साहेबांनी बंदुकीच्या सायलेन्सरचं काम घेतलं. परवाने, कागद, सगळं रीतसर. मी आधी नाही म्हणणार होते. मग ते मला घाटावरच्या एका सरावाच्या मैदानावर घेऊन गेले. तिथे पोरांना नेमबाजी शिकवणारे एक उस्ताद भेटले, तुझ्यापेक्षा थोडे लहान असतील. मी बोलायला सुरुवात केली तर हसून म्हणाले, "उजव्या बाजूनं बोला मॅडम, डावा कान आधीच रिटायर झालाय." आणि मान वळवून त्यांनी उजवा कान माझ्याकडे केला. तू सुरुवातीसुरुवातीला अगदी अशीच मान वळवायचास. मी तिथेच हो म्हणून टाकलं. कोणाला खोटं वाटेल, पण मी ते काम हौसेनं केलं. सिनेमात बंदुकीला नळकांडं लावलं की नुसतं फुस्स होतं, तसं खऱ्यात काही नसतं. नळीतून सुटणाऱ्या गरम वायूचा दणका तेवढा खोल्याखोल्यांतून जिरवता येतो, पण हवा चिरत जाणाऱ्या गोळीचा फट्ट आवाज तसाच राहतो. मला फक्त एवढं हवं होतं की शिकवणाऱ्या माणसाचा उरलेला कान वाचावा.

चाचणीच्या दिवशी मी तुझे इअरमफ घालून उभी होते. आधी साध्या बंदुकीनं गोळी झाडली, पलीकडच्या चिंचेवरचे सगळे बगळे उडाले. ते परत येऊन बसेपर्यंत आम्ही चहा प्यायलो. मग आमचा सायलेन्सर लावून झाडली. बगळे पुन्हा उडाले. साहेबांचं तोंड पडलं, पण मला आतून बरं वाटलं, का ते तेव्हा कळलं नाही. उस्तादांनी कानाला हात लावून पाहिला, दोन-तीनदा जबडा हलवला आणि म्हणाले, "शिट्टी वाजत नाही आत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा." गाडीत बसल्यावर मी रडले, बाबा. तू असतास तर तुला पाटीवर काय लिहून दाखवलं असतं, याचाच सगळ्या रस्ताभर विचार करत होते.

तिथेच थांबलं असतं तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. गेल्या सोमवारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दुसरं काम आलंय म्हणाले. बंदूक वेगळी, गोळी मुळातच हळू जाणारी, हवेत फट्ट न वाजणारी. आणि आमचा सायलेन्सर पहिल्यापेक्षा कितीतरी शांत हवा. मी विचारलं, शिकवणाऱ्यांच्या कानांसाठी ना? ते म्हणाले, "मॅडम, यात कानांचा विषय नाही. झाडावरचं पाखरू उडता कामा नये. शेजारच्या खोलीतला माणूस उठून यायला नको." कागद याचेही ठीक आहेत, मी सगळे वाचले. ज्यांना हवं आहे त्यांना त्याची गरज नसेल असं मी म्हणत नाही, ते मला कळत नाही. साहेब वाईट माणूस नाहीत. आई गेली तेव्हा अंत्ययात्रेत स्मशानापर्यंत चालत आले होते. त्यांना माझ्याकडून उद्या हो किंवा नाही हवं आहे. जमेल का, असं ते विचारत नाहीत. जमेल हे त्यांनाही माहीत आहे.

'शेजारच्या खोलीतला माणूस उठून यायला नको.' हे वाक्य मी गेले सहा दिवस डोक्यात घेऊन फिरते आहे. ड्रॉइंग उघडते आणि बंद करते. तुझं ते 'मशीन आधी बोलते' कानात असतं. एक आवाज कानाला त्रास देतो, तो कमी करावा. दुसरा आवाज माणसाला बोलावतो. त्याचाच गळा दाबायचं काम माझ्या हातून होईल का, एवढा हा प्रश्न आहे. आणि माझं उत्तर नाही असं आहे. ते ठरलंय. पण साहेब कारण विचारतील, आणि 'तब्येत बरी नसते' किंवा 'पाप लागेल' असलं काही सांगून मला सुटायचं नाही. कारण एकच आहे आणि ते मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही.

तू गेलास त्याला नऊ वर्षं झाली. सगळ्यांना जे ठाऊक आहे ते असं: तो रविवार होता, आई आगाशीच्या बाजारात गेली होती, मी स्वयंपाकघरात मिक्सरवर नारळाचं वाटण वाटत होते. तू मागे वाडीत पंपापाशी होतास. तुला छातीत कळ आली, तू हाक मारली असशील, पण मिक्सरच्या आवाजात मला ती ऐकू आली नाही. अर्ध्या तासानं आई आली तेव्हा तू केळीखाली पडला होतास. 'थोडं आधी आणलं असतं तर' हे डॉक्टर माझ्याशी बोलले, आईशी नाही. घर माणसांनी भरल्यावर मीच पहिल्यांदा म्हणाले, मिक्सर चालू होता. आईनं ते वाक्य उचललं आणि माझ्यापुढे ढालीसारखं धरलं. जो येईल त्याला तीच सांगायची, "मिक्सर चालू व्हता, तिला कसा ऐकू येनार? पोरीचा काय दोष नाय." तेराव्यानंतर तिनं तो मिक्सर फडक्यात बांधून माळ्यावर टाकला आणि त्याला पुन्हा हात लावला नाही. सात वर्षं, मनगटं सुजेपर्यंत, ती पाट्यावर वाटत राहिली. मी नवा मिक्सर घेऊन आले तर म्हणाली, "त्या मेल्या आवाजानं माझा मानूस नेला." मी तिच्या मनगटांना तेल चोळायचे. दोन वर्षांपूर्वी ती तेच खरं मानून गेली. तेल चोळताना किती वेळा सांगता आलं असतं, आणि मी गप्प राहिले. मला याची फार लाज वाटते, बाबा. तुझ्यापेक्षाही तिच्यासमोर जास्त.

उद्या साहेबांना मी एवढंच सांगणार आहे की हे काम माझ्या हातून होणार नाही, आणि कारण घरचं आहे. उस्तादांसाठी केलेलं काम मी पुढेही करत राहीन, साहेबांनी मला कामावर ठेवून घेतलं तर. हा कागद तुझ्या इअरमफच्या खोक्यात ठेवते. पाटी असती तर ओल्या बोटानं पुसून टाकली असतीस, आणि पुसलंस म्हणजे वाचलंस, असं मी समजले असते.

मिक्सर बंद होता, बाबा. वाटण झालं होतं, मी भांड्याच्या कडा चमच्यानं निपटत होते. तू दोनदा हाक मारलीस. पहिली 'पोरी' रोजच्यासारखी होती, पपई पिकल्यासारखी. दुसरी तशी नव्हती. तिच्यात तो वेगळा खट्ट आवाज होता, आणि तो मला ऐकू आला. मी जागेवरूनच मोठ्यानं "आले, आले" म्हटलं, आणि वाटण फोडणीत घातलं.