चित्रातल्या पोरीचा बाप

आण्णा, आज उलव्यात टपरीवर चहा पिताना मोबाईलवर ती परत भेटली. तुमची ती जपानी कार्टूनमधली पोरगी, कुत्री, माकड आणि पांढऱ्या दाढीच्या म्हाताऱ्यासोबत फ्रान्सभर चालणारी. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण ती होती तेवढीच आहे. मला मात्र आता कुणी पोरगी म्हणत नाही.

तुर्भ्याची खोली आठवते. तुम्ही बाजारातून येता, अंगाला कांद्याचा वास, पाय धुता आणि थेट टीव्हीसमोर बसता. सीडी आणली होतीत माझ्यासाठी, बघत बसायचात तुम्हीच. आवाज जपानी, खाली इंग्रजी अक्षरं, दोघांनाही ओ की ठो कळायचं नाही. मग गोष्ट तुम्ही लावायचात. "माकडवाला हाय त्यो. गावोगाव खेळ करतोय. आन ही त्याची पोरगी. बाप संगं हाय, मग कशाची भीती?" मी म्हणायचे, मलापण न्या की असं. "मी माथाडी हाय, माकडवाला न्हाय. घरात एक माकड हाय, तेवढंच आवरंना." आई भाकरी थापता थापता हसायची. मला हसू यायचं नाही.

एकदा वाशीच्या शाळेला दांडी मारून मी खाडीकडेच्या रस्त्यानं निघाले. कुठं फ्लेमिंगो बघ, कुठं कुणाचा पतंग बघ, असं करत बेलापूरला पोचले. तिथं तुमच्या ओळखीच्या टेम्पोवाल्यानं धरलं आणि पुढच्या सीटवर बसवून घरी आणलं. तुम्ही मारलं नाहीत. "पोरीच्या जातीनं असं उंडारायचं असतं व्हय?" एवढंच बोललात आणि सीडी लावलीत. त्या दिवशीच्या भागात बर्फ पडत होता, ती पाय ओढत चालत होती. तुम्ही माझ्याकडं पाठ करून तिला म्हणालात, "चाल बाय, चाल. थांबू नगंस." इतक्या मऊ आवाजात तुम्ही माझ्याशी कधी बोलला नाहीत. रंगवलेल्या चित्रावर कुणी इतकं जळू नये, पण मी जळले.

पुढं मी चाललेच म्हणा. इथंच जवळ द्रोणागिरीत गोदामात पॅकिंग केलं, मग गोवा, मग नागपूर, परत इथंच. धड कुठं टिकत नाही. मागून चाल म्हणणारं कुणी नव्हतं.

आज हिंदीत ऐकलं तेव्हा गोष्ट कळली. तो म्हातारा तिचा बाप नाहीच, आण्णा. ज्याला ती बाप समजायची त्यानंच पैशापायी तिला विकायला काढलं, तेव्हा या म्हाताऱ्यानं तिला सोडवून सोबत घेतलं. आणि खाली कमेंटमध्ये कुणीतरी लिहिलंय, मूळ फ्रेंच पुस्तकात ती मुलगी नाही, मुलगा आहे. म्हणजे मुलाच्या वाटणीचा रस्ता कुणीतरी मुद्दाम काढून तिच्या पायाखाली घातला. माझ्यासाठी तेवढंही कुणी केलं नाही. मी हे तावातावानं चहावाल्याला सांगत होते. तो म्हणाला, "ताई, कार्टूनचं काय टेन्शन घेता? चहा गार होतोय."

तुम्ही असता तर मी मुला-मुलीचं सांगितलं असतं, तुम्हाला चिडवायला. म्हाताऱ्याचं मात्र सांगितलं नसतं. तिला बाप नाही हे कळलं असतं, तर तुम्ही तिला आणखीच जवळ केलं असतंत.