निघेना ते पितळी कडं

नाशिक, डिसेंबर १९३४
मंगळवार, दिवेलागण

कडं निघत नाही. तेल सोडलं, गरम फडकं गुंडाळलं, शेवटी पदर खोचून हिनेही पिळून पाहिलं. नाहीच.

दुपारी फौजदार ते पितळी कडं माझ्याकडे ठेवून गेले. वर ना नंबर, ना शिक्का. करीमभाई तांबटाच्या मोडीत सापडलं, म्हणून फौजेचा माल लपवल्याच्या संशयावरून बिचाऱ्याला चौकीत बसवून ठेवलंय. "मास्तर, तुम्ही लढाईतल्या जुन्या वस्तू जमवता. हे तोफगोळ्याचं आहे का, तेवढं सांगा. उद्या सकाळी न्यायला येतो." मी तिथल्या तिथे म्हणालो, "छे हो, एखाद्या समईचं असेल." वाटलं, सुटला करीमभाई.

तिथेच थांबायचं ना! पण ते गेले आणि माझे हात शिवशिवायला लागले. कपाटातलं तोफगोळ्याचं रिकामं टोक काढलं. त्याच्या आट्यांवर कडं नुसतं टेकवून पाहू म्हटलं. ते सरसर फिरत गेलं आणि घट्ट बसलं. इतका आनंद झाला मला, की हिला हाक मारून दाखवलं! आणि आता कडं निघत नाही.

कापलं तर फौजदार विचारणार, का कापलं? तसंच दिलं तर करीमभाई गेलाच. ते टोकसुद्धा त्यानेच माझ्यासाठी बाजूला काढून ठेवलं होतं. हरवलं म्हणू? एका दुपारीत?

ही आत्ता दिवा लावता लावता म्हणाली, "समईचं आहे म्हणालात ना त्यांना? मग समईला का नाही लावून पाहिलंत?"