शुभाताईची अर्धी बैठक

प्रिय शुभाताई,

नाचणारी बाई गेली की तिचा नाच कुणाचा होतो? तिच्या घरच्यांचा? ज्यांनी तो पाहिला त्यांचा? की कुणाचाच नाही? सायकलवर, ऑफिसात, भाजी घेताना, कित्येक दिवस हा एकच प्रश्न घेऊन फिरते आहे. आणि असं काही अडलं की मी तुलाच विचारायचे, म्हणून हे पत्र.

झालंय असं की डुसेलडॉर्फचं आपलं थिएटर पुन्हा उघडतंय. लशीचं प्रमाणपत्र दारात दाखवायचं, खुर्च्या लांब लांब, माणसं मोजकीच. पण उघडतंय! थिएटर चालवणाऱ्या उटेचा फोन आला होता. म्हणाली, "शुभाचा नाच इथे व्हायलाच हवा. आमच्याकडची तरुण नर्तकी लेना तो करायला तयार आहे. पण तिला शिकवणार कोण? तो तर फक्त तुझ्या डोक्यात आहे."

खरंच, फक्त माझ्या डोक्यात. याबद्दल मी तुझ्यावर रागावले आहे, ताई. एकदा तरी मोबाइलवर घेऊ द्यायचं होतंस ना! मी फोन काढला की तू ओरडायचीस, "ठेव तो! त्यात घातलंस की तुझ्या डोक्यातून जाईल. नुसतं बघ."

नुसतं बघण्यासाठीच तू मला धरून नेलं होतंस. मी हॉलंडात, आइंडहोवनला नवी होते, मराठी मंडळाच्या गणपतीत प्रसाद वाढत होते. तू विचारलंस, "शनिवारी काय करतेस?" मी म्हटलं, "कपडे धुते." "ते रविवारी धू. मला बघायला एक माणूस हवंय. नाचातलं काही कळतं का तुला?" मी म्हटलं, "अजिबात नाही हो." तू खूश झालीस. "बरं झालं. आणि ते अहो-जाहो सोड, मी काय तुझी सासू आहे?"

मग दर शनिवारी व्हेन्लोला गाडी बदलून सीमेपलीकडे जर्मनीत. त्या थिएटरात पहिल्यांदा शिरले तेव्हा मला वाटलं, बांधकाम अजून संपायचंय. जुन्या कारखान्यातली उघडी विटांची भिंत, ना पडदा ना विंगा, बाहेर धड पाटीसुद्धा नाही. कराडला आम्ही नाटक बघायला जायचो तिथे निदान मखमल तरी होती! तू हसलीस. म्हणालीस, "इथे लपायला जागा नाही, म्हणून तर आले."

वीस वर्षं तू आपल्या लोकांच्या मुलींना भरतनाट्यम शिकवलंस. आणि पन्नाशी उलटल्यावर त्या थिएटरातल्या तरुण पोरांबरोबर आधुनिक नाचात जमिनीवर लोळायला लागलीस. "शुभाला या वयात काय सुचतंय!" असं मंडळात बायका म्हणायच्या. तुलाही ते ठाऊक होतं.

नारळ आठवतो? पहिल्यांदा आठ-दहा माणसांसमोर तालीम दाखवायची होती, तर तू सरळ रंगमंचावरच नारळ फोडलास. पाणी त्या काळ्या मॅटच्या खाली गेलं आणि उटे फडकं घेऊन धावली. "शुभा, ही फरशी माझ्या घरापेक्षा महाग आहे!" तू शांतपणे तिच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवलास. पुढच्या वेळी तिनेच मागच्या अंगणात एक दगड आणून ठेवला होता. "फोड, पण इथे."

आणि तो नाच. एक बाई येते. एवढी मोठी मोकळी जागा, पण कुठे बसावं ते तिला कळत नाही. ती सगळीकडे जाऊन बघते, अर्धी बैठक घेते, भरतनाट्यममधली अरमंडी, आणि तिथेच थांबते. धड उभी नाही, धड बसलेली नाही. बस, एवढाच. पण तू त्या अर्ध्या बैठकीत थांबायचीस आणि तुझा दुखरा गुडघा थरथरायला लागायचा, तेव्हा मला इथल्या पहिल्या वर्षातली मी दिसायचे, ऑफिसातल्या वाढदिवसाच्या केकभोवती अवघडून उभी असलेली.

प्रयोग ठरला, आणि आठवडाभर आधी सगळं बंद झालं. "होईल गं उन्हाळ्यात," असं तू म्हणालीस. उन्हाळ्यात म्हणालीस, "दिवाळीपर्यंत." मग हिवाळ्यात तू दवाखान्यात. नर्सने धरलेल्या फोनच्या पडद्यावर तुझ्या तोंडावर मास्क होता आणि बोलायला दम नव्हता. तेव्हा तरी सांगायचंस ना, ताई, या नाचाचं काय करायचं ते! तू विचारलंस, मी जेवले का.

तुझ्या शेवटच्या निरोपाला इतकी थोडी माणसं होती, आणि इतकी लांब लांब बसलेली, की दोन खुर्च्यांमध्ये आणखी दोन खुर्च्या बसल्या असत्या. दाजी एकटे पुढे बसले होते. मला त्यांच्या खांद्यावर हात ठेवता आला नाही. ठेवायची परवानगी नव्हती.

गेल्या शनिवारी मी थिएटरात लेनाकडे जाऊन आले. म्हटलं, आधी बघू तरी. गुणी मुलगी आहे. मला नाचता येत नाही, म्हणून मी मॅटवर तुझ्या जागा चालून दाखवल्या, "इथे ती थांबायची, इथे मान वळवायची." तिने भराभर उचललं. अर्ध्या बैठकीत आली आणि तुझ्यासारखा गुडघा हलवायला लागली. मी जवळजवळ ओरडलेच, "मुद्दाम नको! तुझा गुडघा कुठे दुखतोय?" तिने विचारलं, "मग काय करू?" मी म्हटलं, "थांबून राहा." ती थांबली. ती तरुण आहे, खूप वेळ गेला. उटे दाराशी येऊन उभी राहिली. आणि मग लेनाचा गुडघा आपोआप थरथरला. ती तू नव्हतीस, ताई. पण ती बाई होती, जिला कुठे बसावं कळत नाही.

परतताना मी थेट तुझ्या घरी गेले. आख्ख्या आइंडहोवनात तुझ्या नवऱ्याला दाजी म्हणणारी मी एकटी. आमच्या कराडकडे ताईचा नवरा दाजीच. पुण्याचा माणूस आधी हसला होता, मग स्वतःच फोनवर "दाजी बोलतोय" म्हणायला लागला. त्यांनी चहा केला. मी सगळं सांगितलं.

ते म्हणाले, "नको."

"का, दाजी?"

"मी नाही बघितला गं. एकदाही नाही. म्हटलं, प्रयोगालाच जाऊ, रजा टाकून. आणि आता कुणीही तिकीट काढून बघणार?"

मग मी म्हटलं, "म्हणून तर तुम्ही बघा."

"ती पोरगी नाचणार आणि मी त्यात शुभाला शोधत बसू? तिचा नाच तिच्याबरोबर गेला, असं मला समजू दे."

"तो गेला नाही दाजी. माझ्याकडे आहे."

"मग तूच ठेव," ते म्हणाले आणि कप उचलून आत गेले. मी माझा चहा संपवला. ते बाहेर आले नाहीत.

त्यांचं चुकतंय असं मला म्हणता येत नाही. पण ताई, आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. मला जे काही येतं ते कुणी ना कुणी हातचं न राखता दिलेलं आहे. शाळेतल्या बाईंनी दिलं, तू दिलंस. तूच ठेव, हे मला जमणार नाही. माझ्याकडे राहिला तर तो माझ्याबरोबर पुसट होत जाईल. आत्ताच एक वळण मला नीट आठवत नाही, डावीकडे होतं की उजवीकडे. हे लक्षात आलं तेव्हा घाबरले मी!

दाजींना मी एकटं पडू देणार नाही, हे तुला वचन. त्यांनी दार उघडलं नाही तरी जात राहीन. दुसरं वचन असं की तुझ्या गुडघ्याची नक्कल कुणाला करू देणार नाही.

आज सकाळी मी आधी दाजींना फोन केला आणि सांगितलं की मी हा नाच लेनाला देते आहे. त्यांनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. त्यानंतर मी उटेला होकार कळवला.

तुझीच,
वैशाली