पाच घरचे कपडे

१२ नोव्हेंबर
ताईला आठवा लागला. दवाखान्यातली सिस्टर म्हणाली, "बाळाच्या कपड्यांची पिशवी भरायला घ्या. थंडीतलं बाळ आहे." ताई फाइल उचलून बाहेर पडली. घरी येऊन आईला मीच सांगितलं.
आई म्हणाली, "या बाळासाठी नवं काही या घरात येणार नाही. एकदा आणलं तेवढं बास."
मागच्या वर्षी सगळं आधीच आणलं होतं. नवंकोरं, मोज्यांसकट. बाळ तिसऱ्या दिवशी गेलं. डॉक्टर म्हणाले, हृदयात दोष. आई म्हणते, आपण घाई केली.

१३ नोव्हें.
आईचं ठरलं. पाच घरचे कपडे मागून आणायचे. वापरलेले. ज्या घरातली पोरं धडधाकट आहेत अशीच घरं. विकत घ्यायचे नाहीत, आणि मागायचे मामाने. म्हणजे मी.
"तसाही गावभर उंडारतोसच. एकदा काहीतरी घेऊन ये घरी."
आयटीआय सोडल्यापासून घरातलं हे पहिलंच काम माझ्याकडे.
पुण्याहून दाजींचा फोन. "अरे साल्या, ऑनलाइन पूर्ण सेट मिळतो. आत्ता मागवतो." ताईने फोन ओढून घेतला. "अहो, मागवलात तर दारातून परत पाठवीन." फोन माझ्या हातात कोंबून आत गेली.
ताईचा या सगळ्यावर विश्वास आहे का? विचारायचं राहिलं.

१७ नोव्हें.
ताई स्वतःहून बोलली. भिंतीला टेकून, डोळे मिटून.
"आणणारच आहेस तर नीट आण. झबली समोरून बंदांची. डोक्यातून घालायची नको, मान धरलेली नसते. बाह्या लांब. टोपडी कानांवर येणारी. मोज्याचं इलॅस्टिक सैल झालेलं असलं तर बरंच. स्वेटर आण, पण आत सुतीच घालायचं. लेस, टिकल्या, बटणं असलं काही नको."
लंगोट आई जुन्या साडीचे शिवतेय. दुपटी पण त्याच साडीची.
"आणि थोडे मोठे पण आण. तीन-चार महिन्यांच्या मापाचे."
मी यादी लिहीत राहिलो, वर बघितलं नाही.

२१ नोव्हें.
काल घोटीला गेलो, बंट्याच्या बहिणीकडे. बंट्या माझा दोस्त, पिकअप चालवतो. बहिणीला जुळी. म्हणाली, "घेऊन जा बाबा, माझं कपाट मोकळं होईल." गाठोडंभर दिलं. मग बंट्याला इगतपुरीला भाताची पोती टाकायची होती म्हणून त्याच्याबरोबर गेलो. धुकं बघत बसलो. मुक्काम तिकडेच झाला. आईचे अकरा मिस्ड कॉल.
पिंपळगावला दोन घरं झाली, द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये कामाला होतो तेव्हाच्या ओळखी. मागताना लाज वाटेल असं वाटलं होतं. कुणी 'का' म्हणून विचारलं नाही. "आईने सांगितलंय" म्हटलं की बायका कपाट उघडतात.
चौथं घर शेजारच्या काकूंचं. एक राहिलं.

२६ नोव्हें.
दिंडोरीकडे. बंट्या द्राक्षाच्या बागेत रिकामे क्रेट उतरवत होता. मी औषध मारणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागे फिरत शेडपर्यंत गेलो. पेठकडच्या मजुरांची टोळी राहते तिथे. एक बाई भाकरी थापत होती. पत्र्याखाली साडीचा पाळणा बांधलेला. मनात आलं, हेच पाचवं घर.
"बहिणीसाठी बाळाचे जुने कपडे मिळतील का, ताई?"
बाई बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. भाकरी करपली. मग आत जाऊन फडक्यात बांधलेलं घेऊन आली.
"थंडीचंच हाय समदं. घाला बरं का. ठेवून नका देऊ."
बाळ आत झोपलं असेल म्हणून हळू आवाजात बोललो.

२७ नोव्हें.
पाची घरचं एकाच टपात घातलं. गरम पाणी, कडुलिंबाचा पाला. स्वतः धुतलं, गच्चीवर वाळत टाकलं. आई म्हणाली, "सुधारलास की!" दिवसभर मूड मस्त.

३ डिसेंबर
टपरीवर बंट्या सहज बोलला, "त्या शेडवाल्या बाईने कपडे दिले? तिचं पोर गेलं ना रे महिन्यापूर्वी. तापाने."
"पाळणा होता की."
"नवऱ्याच्याने तो सोडवत नाही म्हणे."
चहा तसाच राहिला.

४ डिसें.
आई देवळात गेली तेव्हा ढीग उपसला. जुळ्यांचे ओळखू आले, एकसारखे दोन-दोन. बाकीचे? पिवळं झबलं काकूंचं की पिंपळगावचं? वासाने कळेल म्हणून वास घेतला. सगळ्याला कडुलिंबाचा वास. मीच घातलेला.
आईला सांगितलं तर आई सगळा ढीग रामकुंडात सोडून येईल. नाही सांगितलं तर...

६ डिसें.
ताईला सांगितलं. गच्चीत उन्हाला बसली होती.
"मुलगा होता का मुलगी?"
माहीत नाही.
"केवढं होतं?"
माहीत नाही.
"मग तुला माहीत काय असतं रे?"
पोटावर हात ठेवला. मग विचारलं, "माझ्या बाळाचे कपडे आईने काय केले होते?"
रामकुंडापाशी एका बाईला दिले होते. कडेवर लेकरू होतं तिच्या. मी बरोबर होतो.
"तिला सांगितलं होतं, कुणाचे ते?"
"नाही."
ताई रडली नाही. म्हणाली, "आईला काही सांगू नकोस." खाली जाताना जिन्यात थांबली. "तिला जाऊन विचार, परत हवेत का. घाईत दिले असतील."

९ डिसें.
गेलो. शेड रिकामं. पाळणाही नाही. बागायतदार म्हणाला, "टोळी निफाडकडे गेली. कुठल्या बागेत ते मुकादमाला माहीत." मुकादमाचा फोन बंद. मागून फवारणीची गाडी आली, आज बघितलीसुद्धा नाही.
ताईला सांगितलं. "बरं," एवढंच.

१५ डिसें.
ताईने घड्या घातल्या. लहान मापाचा एक गठ्ठा, मोठ्याचा एक. आई म्हणाली, "मोठे आत्तापासून कशाला काढतेस?" "राहू देत."
दुपारी बघितलं तर पिशवी कॉटखाली पार भिंतीला लोटलेली. संध्याकाळी परत वर.
ताई मला म्हणाली, "ती बाई घाला म्हणाली ना? मग घालू. असं ठरवते. मग बाळ हलायचं थांबतं जरा वेळ, आणि वाटतं की..."
पिशवीची चेन लावली.

२४ डिसें.
दवाखान्यात. वही घरी, मोबाइलमध्येच लिहितोय. सकाळी कळा सुरू झाल्या, दिवस भरायच्या आधीच. दाजी निघालेत, संगमनेरपर्यंत आलेत.
मघाशी सिस्टरने दार किलकिलं केलं. "बाळाचे कपडे द्या. लवकर."
आई म्हणाली, "काय झालं?"
"वजन कमी आहे. डॉक्टर बघतायत. कपडे द्या आधी."
आईने पिशवीत हात घातला. हाताला आलं ते काढलं. पोपटी झबलं, लांब बाह्यांचं, समोरून बंदांचं. आईने ते उलटंपालटं केलं.
"कुठल्या घरचं रे हे?"
मला खरंच माहीत नाही.
"चांगल्या घरचं," मी म्हटलं.
सिस्टर घेऊन गेली. दार लागलं. मुलगा का मुलगी तेही विचारायचं राहिलं.
आई म्हणते, रडण्याचा आवाज आला. मला नाही आला. परत ऐकतोय. आई म्हणाली, जा, खालून चहा आण, पाय मोकळे होतील तुझे.
नाही गेलो.