दोनशे बारा कोरी पाकिटं

२५ फेब्रु. २००९, बुध. शारजा.
राखेचा बुधवार, आमच्या उपवासकाळाचा पहिला दिवस. कपाळावर राख घेऊन चर्चमधून घरी आले तर डेरिक सोफ्यावर बसलेला. दुपारी एक वाजता. एरवी हा दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कच्या फॅक्टरीतून ट्रॅफिक तुडवत आठला येतो. "मम्मा, खलास," म्हणाला. त्याच्या विभागातल्या चौघांची नोकरी गेली, याचीही. खिडक्या बसवायला इमारतीच उरल्या नाहीत तर अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटी कोणाला हव्यात. रविवारी व्हिसा रद्द, पुढे देश सोडायला तीस दिवस. त्याच्या व्हिसावर आम्ही तिघी: बायको लव्हिना, मुलगी रिया आणि मी. वसईचं घर आहे, डोक्यावर छप्पर आहे, रडायचं कारण नाही असं मीच त्यांना सांगितलं.
खरं लिहायचं तर माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते शाळेतलं कपाट. मुलाची नोकरी गेली आणि ही बाई कपाट आठवते. राखेच्या दिवशी कबूल केलेलं बरं.

१ मार्च, रवि.
शाळेत गेले. रिटायर होऊन दोन वर्षं झाली, तरी वॉचमन अजून सलाम करतो. नव्या प्रिन्सिपल बाईंनी मात्र "अँड यू आर?" विचारलं. बॉटनी लॅबची कंप्युटर रूम होते आहे. कपाट कॉरिडॉरमध्ये, वर क्रिकेटचे स्टंप.
कपाटात एकोणीस वर्षांचं काम. मुलांनी दाबून, वाळवून, दोऱ्याने शिवलेल्या झाडांचे तीनशे चाळीस कागद. प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात बियांचं पाकीट. पाकीट नसेल तर मी कागद परत करायची, मग पालक भांडायला येवोत.
उघडलं तर वरचे सगळे कागद चकचकीत. ऑफिसातला शाजी मागे येऊन उभा, चेहऱ्यावर अभिमान. "मॅडम, लॅमिनेशन किया. दो सौ बारह हो गया. अब सौ साल कुछ नहीं होगा."
इथे माणूस व्हिसाची कॉपी लॅमिनेट करतो, लेबर कार्ड करतो, मॅरेज सर्टिफिकेट करतो. मग झाडंही करतो. विचारलं, पाकिटं कुठे? मशिनमध्ये अडकत होती म्हणून ब्लेडने काढली. "फेंका नहीं मॅडम, सँभाल के रखा." बिस्किटांचा मोठा डबा आणून दिला. आत दोनशे बारा पाकिटं, एकावरही नाव नाही.
मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही. कॉरिडॉरमधली मुलं थांबून ऐकत होती.
प्रिन्सिपल म्हणाल्या, २६ तारखेला कॉरिडॉर रिकामा होणार. ज्याचा कॅटलॉग नाही ते बाहेर. आणि, "मॅम, व्हॉट इज द सिस्टीम हिअर? इट इज नॉट ईव्हन ए टू झेड." शाजी ए टू झेड लावेल म्हणे. मी म्हटलं, शाजी हात लावणार नाही. पंचवीसला मी कॅटलॉग आणून देते.
डबा आणि कागद टॅक्सीने घरी आणले.

३ मार्च, मंगळ.
जेवणाच्या टेबलावर बिया, जमिनीवर लव्हिनाचे खोके. "मम्मा, आपण तीस दिवसांत घर गुंडाळतोय, आणि तुम्ही पसरताय," म्हणाली. बरोबर आहे तिचं. टेबल मात्र सोडलं नाही.
रियाने विचारलं, "व्हाय सीड्स, ग्रॅनी? फ्लॉवर्स आर प्रिटियर." मग तिला वैद्यबुवांची गोष्ट सांगितली. सोळावं शतक, इटली. पिसाच्या बागेचा प्रमुख, डॉक्टर, तत्त्वज्ञानाचा मास्तर, म्हातारपणी पोपचा वैद्य. त्याच्या आधीचे लोक झाडं लावायचे ती अ-ब-क-ड प्रमाणे, नाहीतर खोकल्याची इकडे, पोटदुखीची तिकडे. हा म्हणाला, झाड तुमच्या पोटासाठी जन्माला आलेलं नाही. त्याचं स्वतःचं काम बी धरण्याचं, तेव्हा फळ आणि बी बघा. धण्याला दोन, एरंडाला तीन, तुळशीला चार. आधी लाकडाची झाडं वेगळी, नरम झाडं वेगळी. मग बिया किती, कप्पे किती, बी कुठे चिकटलं आहे. भिंग नव्हतं त्याच्याकडे. माझ्याकडे आहे, मी कॉन्व्हेंट शाळा सोडताना आमच्या सिस्टर अ‍ॅग्नेसने दिलेलं.
"सो ही वॉज लाइक अ सॉर्टिंग मशीन," रिया म्हणाली.
वाईट नाही. तिला धणे फोडायला दिले.

५ मार्च, गुरु.
विमा आहे तोवर सगळ्या तपासण्या उरकून घ्या हा डेरिकचा हुकूम. क्लिनिकमध्ये मल्याळी नर्सने दंडाला पट्टा बांधला. शीर फुगली ती पट्ट्याच्या खाली, मनगटाच्या बाजूला. वैद्यबुवांना (पुढे नुसतं वै.) हेच खटकलं होतं. तेव्हाचे सगळे मानत की शिरांतलं रक्त आतून बाहेर जातं. मग पट्टा बांधल्यावर फुगवटा खांद्याकडे हवा; तो खाली कसा? म्हणजे रक्त हृदयाकडे परत जातं आहे. रक्त फिरतं, हा शब्द त्याने वापरला. श्रेय नंतरच्या इंग्रजाला. त्याने मोजून सिद्ध केलं, ते मान्य, पण वर्गात माझ्या मुलांना दोन्ही नावं पाठ करावी लागत.
नर्सला सांगितलं. "अच्छा? मुट्ठी बंद करो अम्मा," म्हणाली.
आजवर ६४ पाकिटं जुळली.

८ मार्च, रवि.
११९. लॅमिनेशनखाली बियांचे ठसे तरी असतील असं वाटलं होतं. नाहीत. पण शेंगेचा देठ, वाळलेलं फळ कुठेकुठे राहिलं आहे, त्यावरून जुळतात.
सागरगोटा डोळे मिटून ओळखला. माझ्या लहानपणी शाळेच्या व्हरांड्यात आम्ही पाचजणी खेळताना सिस्टर अ‍ॅग्नेसने पाचही सागरगोटे जप्त केले होते. दुसऱ्या दिवशी वर्गात टेबलावर ठेवून म्हणाल्या, ज्या मुलींना हे फेकता येतं त्यांना याचं लॅटिन नाव आलं पाहिजे. त्या नावात एका डॉक्टरचं नाव आहे, तो कोण ते शोधून या. मी एकटीनेच शोधलं. बावन्न वर्षं हा वै. माझ्याबरोबर आहे. बाकीच्या चार मुलींना चार-चार मुलं झाली.
संध्याकाळी डेरिक मदतीला बसला. नोकरी गेल्यापासून पहिल्यांदा हाताला काही काम. एक पाकीट उलटसुलट करून म्हणाला, "मम्मा, यावर नाव का नाही लिहिलं पोरांनी?"
"कारण नाव कागदावर आहे."
"पण पाकीट सुटलं तर?"
सुटणार नाही, असं मी एकोणीस वर्षं धरून चालले. एकच नाव दोनदा लिहायचं नाही, पान गिचमिड होतं, हा माझा नियम. तोही सिस्टर अ‍ॅग्नेसचाच. पाकिटावर नाव लिहिणाऱ्या मुलांचा एक मार्क मी कापत असे. आठवतं, एका मुलीने विचारलंही होतं, मिस, हरवलं तर? तिला वर्गाबाहेर उभं केलं नव्हतं, पण बोलले होते.
म्हणजे शाजीच्या ब्लेडने फक्त पाकिटं काढली. नावं मीच काढून ठेवली होती.
उठले. चहा केला.

९ मार्च, सोम.
शाळेत जाऊन शाजीला सांगितलं, कॉरिडॉरमध्येच, कारण बोलले होते तिथेच. "शाजी, गलती मेरी थी. नाम लिखने को मैंने मना किया था."
तो म्हणाला, "तो मॅडम, बाकी का भी लॅमिनेशन कर दूँ?"
हसू आवरेना. त्यालाही. नाही म्हटलं, मशीन मुलांच्या सर्टिफिकेटांसाठी ठेव.

१३ मार्च, शुक्र.
प्लॅस्टिकखाली घोळाची भाजी काळी पडली. मांसल पानाच्या जवळजवळ सगळ्यांचा चिखल झाला आहे. त्यांच्यासकट एकतीस कागद गेले. जे परत गोळा करता येतील ते करायचे. चर्चमधल्या मासनंतर शाजी आपली गाडी घेऊन आला. शाळेमागच्या वाळूत घाफच्या, इथल्या वाळवंटी झाडाच्या, शेंगा भरपूर. पुढे चौकातल्या बेटावर शंकासुर फुललेला. तोही वै.च्याच नावाचा, सागरगोट्याचा भाऊ. बलदियाचा, म्हणजे इथल्या म्युनिसिपालिटीचा, माळी धावत आला, "अम्मा, तोड़ना मना है."
म्हटलं, तोडत नाही, पडलेली शेंग उचलते आहे. त्याने इकडे तिकडे बघितलं आणि झाड हलवलं. सात शेंगा पडल्या.
शाजीने प्रत्येक पाकिटावर गाडीतच नाव लिहिलं. कागदावरही. मला दाखवून.

१९ मार्च, गुरु.
१९३. लव्हिनाने टेबल विकलं, उद्या नेतील. जमिनीवर बसून चालेल. गुडघ्यांना विचारलं नाही.
वै. चुकलाही, हे कॅटलॉगच्या पहिल्या पानावर लिहिलं. झाडांत नर-मादी असतं हे त्याला पटलं नव्हतं. पान हे फळाला सावली देण्यासाठी, असं तो समजे. आणि झाडाचा जीव कुठे असतो, तर मूळ आणि खोड जिथे जुळतात तिथे, मातीच्या रेषेवर. हे शास्त्र नाही. पण सध्या खोक्यांमध्ये बसून पुन्हापुन्हा तेच वाक्य वाचते आहे.

२३ मार्च, सोम.
२११. एक पाकीट उरलं. एक कागदही उरला आहे, पण त्यावर प्लॅस्टिकखाली नुसता डाग, आणि नावाची शाई वितळून पसरलेली. पाकिटात सहा बिया. काळ्या, मोहरीएवढ्या, एका बाजूला खाच. भिंगाखाली तासभर. दोन कप्प्यांचं फळ असावं, पुढे काही सांगता येत नाही. एकोणीस वर्षं शिकवलं आणि हे येत नाही. फार राग आला, आणि बरंही वाटलं, का ते माहीत नाही.
चार बिया लबनच्या, म्हणजे इथल्या ताकाच्या, रिकाम्या डब्यात पेरल्या. दोन पाकिटात परत.

२५ मार्च, बुध.
कागद परत कपाटात लावले आणि कॅटलॉग दिला. बियांप्रमाणे लावलेला, सव्वीस पानं. शेवटी रियाने केलेली ए टू झेड यादी. ती मी खूप कुरकुर करत जोडली. प्रिन्सिपलनी आधी शेवटचंच पान उघडलं. मग पहिलं. मग बराच वेळ मधली.
"दिस इज... अनयुज्वल." उद्या कॉरिडॉर रिकामा होईल, पण कपाट तूर्त स्टोअरमध्ये ठेवू, मीटिंगमध्ये मांडते, इन्शाल्ला, म्हणाल्या.
इथल्या इन्शाल्लाचे किती अर्थ होतात ते मला ठाऊक आहे. मी म्हटलं, मी वसईहून दर आठवड्याला मेल करीन. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "आय बिलीव्ह यू विल," म्हणाल्या.

२९ मार्च, रवि.
उद्या दुपारचं विमान. घर रिकामं, बोललं की घुमतं. डेरिक नोकरीसाठी मुंबईत दोन ठिकाणी भेटणार आहे. रियाने आपल्या खोक्यावर आणि खोक्याच्या झाकणावरही नाव लिहिलं आहे. कोणी शिकवलं नाही.
सकाळी डब्यात एक बी फुटलेलं. अजून पान नाही, फक्त वाकलेला पांढरा दांडा, मातीच्या रेषेवर.
शाजी डबा न्यायला आला. त्याला सांगितलं: ऊन सकाळचं द्यायचं, पाणी रोज नाही. फूल आलं की फोटो पाठव, पण तोडू नको. फळ धरलं की मग दाबायचं, फळासकट.
"नाम क्या लिखूँ मॅडम?"
नवा कागद आणि नवं पाकीट त्याच्या हातात दिलं. दोन्हीवर नावासाठी रेघ मारून ठेवली आहे.