मागितला होता एकच इंजेक्टर

११ सप्टेंबर, गुरुवार
सकाळी गाडी सुरू होईना. झाली तेव्हा इंजिनाची ठकठक, मागून पांढरा धूर. सालेकसा रस्त्याच्या चढावर तर जीवच नाही. टर्बोची शिट्टी ऐकू येते, ओढ नाही. बिबट्याने वासरू मारलं तिथे पोचले तर वनखात्याचे लोक पंचनामा करून गेलेले. बातमी वेळेत दिली, फोटो नाही. नागपूर डेस्क : "मॅडम, फोटो?" उद्या देते, मी म्हटलं. उद्याचा फोटो कोण छापतं.

१३ सप्टेंबर, शनिवार
गोंदियाला नसीमभाईंकडे. ते फक्त डिझेल पंप आणि इंजेक्टरचं काम करतात. चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या चार बाटल्यांत सोडल्या, इंजिन चालू ठेवलं. तिसरी बाटली भरत गेली, बाकीच्यांत बुडाशी थोडंसं. "मैडम, एक ही गया है. बाकी तीन में जान है. नया मंगवा लो, उसका नंबर कंप्यूटर में चढ़ा दूँगा. बस." बरं वाटलं. चारांतला एकच.

संध्याकाळी प्रमोद घरी. धाकटा दीर, आमगावात स्वतःचं गॅरेज. नसीमभाईंच्या दारात गाडी कोणीतरी पाहिली. "काऊन वयनी, घरी गॅरेज असून गाडी दुसऱ्याच्या दारात? लोक हासून राहिले मले."

१५ सप्टेंबर, सोमवार
गाडी प्रमोदला दिली. याचा दादा, सुधाकर, गेला तेव्हा दवाखान्यापासून तेराव्यापर्यंत यानेच धावपळ केली. आरटीओत चकरा मारून आरसी माझ्या नावावर करून आणली तीही यानेच. कोणत्या तोंडाने नाही म्हणू. बजावलं मात्र : एकच बदल, होता तसाच टाक.
"हो वयनी, हो."

२२ सप्टेंबर, सोमवार
बसने देवरी. धानावर तुडतुडा, पाहणीला कृषी अधिकारी येणार होते. कालच येऊन गेले होते. बांधावर एक म्हातारी भेटली, म्हणाली, "तुमी काल येता तं बरा होता." काल बस नव्हती, हे तिला काय सांगायचं.

२४ सप्टेंबर, बुधवार
गॅरेजला गेले. बाकावर नवे इंजेक्टर. चार.
"चार कशाला?"
"मोठे आहेत वयनी, नोझल मोठा. टर्बो हवा भरभरून देते, डिझेलच कमी पडून राहिला. आता पाहा गाडी कशी पळते."
मला पळवायची नाही म्हणाले. "नका पळवू. दम असला तं वाईट का आहे?"
जुने कुठे? "दिले बदल्यात."
तीन चांगले होते.
बाहेर जाऊन नसीमभाईंना फोन केला, मग परत येऊन विचारलं : इतकं डिझेल आत गेलं तर पिस्टन तापणार नाही का? म्हणे रायपूरहून एक लॅपटॉपवाला येईल, इंजिनाच्या कंप्यूटरमध्ये नवी फाइल टाकेल, मग सगळं जुळेल. "तुमी बातम्या लिवा वयनी." हसला. हसण्यात वाईटपणा नव्हता. तेच जास्त लागलं.

१ ऑक्टोबर, बुधवार
खंडेनवमी. रायपूरवाला नेमका आज दुपारी आला. पण पाने, पकडी, जॅक सगळं पाटावर पूजेला मांडलेलं, उद्यापर्यंत उचलायचं नाही. प्र.ने त्याचा लॅपटॉपही पाटावर ठेवायला लावला. तेही अवजारच. झाकणावर हळदकुंकू, वर झेंडू. रायपूरवाला म्हणत होता, फाइल टाकून रस्त्यावर चालवून बघावी लागते, आकडे दुरुस्त करावे लागतात, त्याला दिवस लागतो. प्र. : "उद्या कर की. मुहूर्ताच्या आधी." बिचारा लॅपटॉपकडे बघत चहा पीत बसला. मलाही हसू आलं होतं.

२ ऑक्टोबर, गुरुवार
दसरा. पाट सकाळी हलवला. फाइल घाईत टाकली, रस्त्यावर काही तपासलं नाही. रायपूरवाल्याला रेल्वे गाठायची होती, प्र.ला मुहूर्त.
हार मी नेला होता. प्र.ने हातातून घेऊन बॉनेटवर घातला. पूजेचं ताट घ्यायला पुढे झाले तर जाऊ, ज्योती, ताट घेऊन माझ्या आधीच पुढे. "ताई, तुम्ही खुर्चीवर बसा ना, उन्हाचं उभं राहू नका." ऊन नव्हतं. कागद माझ्या नावाचे, कुंकू लावायला हात ज्योतीचा.
लिंबावरून चाक प्र.ने नेलं. रस्त्यावर पाय दाबला तसा मागून काळा लोट, पोरांच्या शिट्ट्या. चावी मागितली. "दोन दिवस चालवून पाहतो, मग देतो."
बाजारातून चालत घरी. वाटेत आपट्याची पानं देणाऱ्यांना सोनं म्हणत राहिले.

५ ऑक्टोबर, रविवार
ही गाडी मी पंचेचाळिसाव्या वर्षी शिकले. राइस मिलच्या मैदानात. सुधाकर बाजूला पेपर उघडून बसायचा, म्हणजे मी काय करते ते त्याला दिसू नये. गिअरचा खरखराट झाला की पान उलटायचा. बस, एवढंच शिकवणं.

८ ऑक्टोबर, बुधवार
पंचायत समितीतल्या शिपायाने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. दरेकशाचा चढ, आपली गाडी, काळा धूर, मागच्या काचेवर प्र.च्या गॅरेजचं नाव मोठ्या अक्षरांत. खाली लिहिलंय "दादाची गाडी". दादा म्हणजे सुधाकर. मी कुठेच नाही.
"मॅडम, ही तुमचीच ना?"
हो म्हणाले.
रात्री डेस्क : देवरी आता दुसऱ्या वार्ताहराकडे. "तुम्हाला त्रास नको." आवाज अगदी प्रेमळ.

११ ऑक्टोबर, शनिवार
न सांगता गॅरेजला. चावी गाडीलाच होती. बसले, निघाले.
चालवता येईना. पाय ठेवला तर काही नाही, जरा दाबला तर ढुसणी मारल्यासारखी उडी. भाजी बाजारात एका हातगाडीला थोडक्यात चुकवलं. त्या बाईने दिलेल्या शिव्या रास्त होत्या. रेल्वे फाटकाशी थांबले. सात वर्षं चालवलेली गाडी.
आरशात प्र. दिसला, मोटारसायकलवर, घाई न करता येत होता. बाजूला येऊन थांबला. "मी म्हणत होतो ना वयनी. एवढी पॉवर तुमच्यानं नाही सांभाळणार. तुमाले चांगली स्कुटी पाहून देतो."
भांडायला मुद्दा हवा. आज तो त्याच्याकडे होता, आणि तयारही त्यानेच केलेला. चावी दिली.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार
संध्याकाळी, डेस्कवर पान छपाईला सोडायच्या वेळेला फोन. "वयनी, तुमची गाडी बंद पडली." दरेकशाजवळ. महिनाभर घरची होती, दादाची होती.
कोणाला लागलं का? नाही.
म्हटलं, बातमी टाकते, मग बोलू. टाकली. दोन ओळी कापून, मापात.

१८ ऑक्टोबर, शनिवार
नसीमभाई त्यांची जीप घेऊन आले. मी त्यांच्याबरोबर. तेलाचं झाकण काढून सेल मारला, भसाभस धूर. "पिस्टन गया होगा. शायद न भी गया हो. खोले बिना कुछ नहीं बोलूँगा."
प्र. तिथेच, रात्रभर गाडीजवळ बसलेला. डोळे लाल. मला बाजूला घेतलं. "गॅरेजले नेऊ वयनी. मी सुधारून देतो, जशी होती तशी. तिकडं खोलली तं साऱ्या जिल्ह्यात माझा नाव जाईन." इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला काही विचारत होता.
"जशी होती तशी म्हणजे कशी?"
सुधाकरसारखा खाली मान घालून उभा. ते बघवलं नाही, म्हणून दुसरीकडे बघितलं.
नसीमभाई दोर बांधून झाल्यावर : "किधर ले जाना है, मैडम?"
गोंदिया म्हणाले.
ओढून नेताना मागच्या गाडीत कोणाला तरी बसावं लागतं. प्र. दार उघडायला पुढे आला. मी बसले. इंजिन बंद असलं की स्टिअरिंग दगडासारखं, ब्रेकला सगळा पाय लावावा लागतो. जीप हळू, दोर ताणलेला, वळणावळणावर दोन्ही हातांनी ओढायचं. खांदे अजून दुखताहेत.
नसीमभाई दिवाळीनंतर खोलतील. पिस्टनचं तेव्हा कळेल. फराळ दरवर्षी प्र.कडे असतो. ज्योतीचा फोन आलेला नाही. डबे घासून ठेवले आहेत, भरायचे कोणासाठी ते ठरत नाही.